केसभर फट

त्याला सगळे केसभर म्हणायचे. खरं नाव हजेरीच्या वहीत होतं आणि तिथेच पडून होतं. एकदा तो डबा विसरला, तर त्याची बायको कारखान्याच्या फाटकाशी येऊन राखणदाराला म्हणाली, "केसभर आहेत का आत?" आणि मग आपण काय बोललो हे ध्यानात येऊन तोंडावर हात ठेवून हसत सुटली. डबा राखणदाराच्या हातात तसाच.

त्याचा बाप गावोगाव रहाट दुरुस्त करायचा. हे पोरगं विहिरीच्या काठावर बसून बघायचं की पोहरे भरून वर येतात आणि निम्मं पाणी वाटेतच परत खाली सांडतं. "बाबा, हे वर आणलेलं पाणी परत कशाला सांडायचं?" बाप म्हणायचा, "विहिरीलाच विचार." विहिरीनं काही सांगितलं नाही. मग या गड्यानं जन्मभर तेवढा एकच प्रश्न धरून ठेवला: वर काढलेलं मागं कसं सांडू द्यायचं नाही.

त्यातूनच त्याचा पंप झाला. एका लोखंडी खोळीत दोन रोटर. दिसायला इंग्रजी आठाच्या आकड्यासारखे, उलटसुलट फिरणारे, एकाच्या कमरेत दुसऱ्याचं डोकं जाणारं. येतो तो माल दोघांच्या बगलेत सापडतो आणि पुढं ढकलला जातो. दर फेरीला ठरलेलाच माल जातो, म्हणून फेऱ्या मोजल्या की माल मोजला. पंप तोच आणि मापही तेच. नवख्या माणसाला तो समजावून सांगायचा, "एका घरातल्या दोन जावा समज. दिवसभर एकमेकींभोवती फिरायचं, काम करायचं, पण अंगाला अंग लागू द्यायचं नाही. लागलं की पेटलंच."

सगळी मेख त्या न लागण्यात. रोटर आणि खोळ यांच्यातली फट जास्त झाली तर माल मागं सांडतो, रहाटाचीच गत. कमी झाली तर गरम मालानं रोटर फुगतो आणि खोळीला धरून बसतो. त्याच्या नकाशात फट होती सात. मिलिमीटरचे शंभर तुकडे करा, त्यातले सात. आणि हे सात तो केसानं मोजायचा. बायकोच्या केसानं.

रोटरवरून कानस फिरवायची, रोटर खोळीत बसवायचा, मधून केस ओढून बघायचा. अडकला तर परत कानस. सुळकन निघाला तर रोटर भंगारात. पिकल्या पानाच्या देठासारखा, धरूनही न धरल्यासारखा निघाला की काम झालं.

लेथवर काम करणारा एक होता, त्याला भोंगा म्हणत, कारण त्याचा आवाज लेथपेक्षा मोठा. तो चिडवायचा, "अरे केसभर, फिलर गेज आहे की कपाटात. पोलादाच्या मोजपट्ट्या. त्या काय कान कोरायला आणल्यात?"

"पट्टी वळत नाही रे. रोटरची पाठ गोल, खोळ गोल. पट्टी दोन टोकांना टेकते आणि मधलं खोटं सांगते. केस वळतो."

"बघ हो. एक दिवस हाच केस गळा कापेल तुझा."

लग्न झालं त्या वर्षी त्यानं बायकोचा एक केस मायक्रोमीटरमध्ये धरला होता. बरोबर सात भरला. "मापातच आली," म्हणाला. तो केस त्यानं नकाशाच्या कोपऱ्यात डिंकानं चिकटवला आणि शेजारी लिहिलं, "फट केसभर, म्हणजे सात." त्याला आता बावीस वर्षं झाली. दर सोमवारी कारखान्यातलं प्रत्येक माप तो तपासून घ्यायचा, त्यावरून माणसांना फाडून खायचा. "मोजणाऱ्याचं माप आधी काढा!" केस तेवढा पुन्हा कधी मोजला नाही. बायकोचं काय माप काढायचं?

मग पंप अडकायला लागले.

पंप जायचे मालकाच्याच दुसऱ्या, साबणाच्या कारखान्यात. तिथं उकळता साबण कढईतून साच्यांकडे ढकलायचा. पहिला पंप अडकला तेव्हा सगळे म्हणाले, साबणात खडा आला असेल. दुसरा अडकला तेव्हा नळ्यांतला साबण थिजून दगड झाला आणि आठ दिवस माणसं छिन्नी घेऊन नळ्या फोडत बसली. तिसरा अडकला, आणि जुन्या मालकाचा मुलगा, म्हणजे आताचा मालक, त्याच्या टेबलाशी येऊन उभा राहिला. केसभरच्या अंगाखांद्यावर वाढलेला पोरगा. बोलताना खाली बघत होता.

"काका, बाहेरून तयार पंप घ्यायचे ठरवतोय मी."

"मालक, नकाशा बरोबर आहे."

"तीन अडकले, काका."

"एक करून बघू. एकच. इथं, आपल्या आवारात. उकळता साबण भरून आठ तास चालवू. तुमच्या डोळ्यांदेखत."

मालक जायला वळला. "सोमवारी. आणि अडकला तर पंपाचे साचे भट्टीत जातील. ते समोर राहिले की मलाच मोह होतो."

खोळ आणि रोटर ओतायचे ते साचे लाकडाचे. त्यानं स्वतः तासलेले, हात लागून लागून तुकतुकीत झालेले. साचे गेले की पंप गेला. नकाशा मग नुसता कागद.

ते आठ दिवस तो माणसात नव्हता. लोखंडावर संशय घेतला, ओतणाऱ्याशी भांडला. रोटर फिरवणारी दातचक्रं काढून पुन्हा बसवली. नकाशा तीनदा पहिल्यापासून काढला, तीनदा तोच आला. जेवणावर लक्ष नाही, बोलण्यावर नाही. बायकोची थोरली बहीण आली होती राहायला. ती एकदा स्वयंपाकघराच्या दारात त्याची वाट अडवून उभी राहिली.

"भावोजी, हिच्याकडे बघता का कधी? ताटातलं चिवडते नि उठते. मनगटातली बांगडी कोपरापर्यंत जाते तिची."

"पोट बिघडलंय म्हणाली."

"पोट चार महिने बिघडतं?"

"अक्का, सोमवार होऊ द्या. सोमवारनंतर नेतो दाखवायला. शब्द देतो."

आतून बायको म्हणाली, "अगं, त्यांच्या मागं नको लागूस. त्यांचा जीव टांगणीला लागलाय."

आणि एक गोष्ट सांगायलाच हवी, सांगू नये असं वाटलं तरी. पूर्वी केस हवा असला की तो मागायचा आणि ती डोक्यावरचा एक तोडून द्यायची, वर टोमणाही, "टक्कल पाडा माझं तुमच्या पंपांपायी." आता मागायची गरज नव्हती. सकाळी फणीत गुंताच असायचा. त्या शनिवारी त्यानं फणीतून दहा-बारा केस सोडवले, कागदात गुंडाळले आणि खूष होऊन म्हणाला, "बरं झालं, आठवड्याची बेगमी झाली."

ती "हं" म्हणाली.

सोमवारी सकाळी पंप सुरू झाला. मालक खुर्ची टाकून बसला. भोंगा लेथ सोडून आला, आम्ही बाकीचे कामगारही हातातलं टाकून आलो. साबणाची वाफ डोळ्यांना झोंबत होती. पहिला तास छान गेला. दुसऱ्या तासाला केसभरनं खोळीवर तळहात ठेवला, चटका बसला तरी ठेवला, आणि त्याचा चेहरा उतरला. आतून बारीक घासल्यासारखं काहीतरी त्याच्या हाताला कळलं होतं. आम्हाला ते पाव तासानं ऐकू आलं. मग एक किंकाळी, पट्टा घसरला, आणि रोटर जागच्या जागी थांबले.

मालक उठला. "उद्या सकाळी," एवढंच म्हणाला आणि गेला.

निवल्यावर पंप उघडला. भोंग्यानं कपाटातून फिलर गेज आणला. या खेपेला थट्टा नव्हती त्याच्या आवाजात. "मोजू दे एकदा. पट्टी खोटं सांगते तर सांगू दे."

जिथं घासलं नव्हतं तिथं त्यानं सातची पट्टी घातली. जाईना. सहाची जाईना. पाचची गेली.

"पाच आहे रे."

"सात आहे. केस निघत होता. मी स्वतः ओढलाय."

"तुझा हात गेला, भावा." भोंगा खाली बघून म्हणाला. "वय झालं. सगळ्यांचंच होतं. त्यात लाज कसली?"

केसभरनं खिशातला कागद काढला, एक केस घेतला, मायक्रोमीटर पुसला, शून्य बघितलं आणि केस धरला. हात जराही हलत नव्हता. हात गेला नाही, हेच दाखवायचं होतं त्याला.

साडेचार.

त्यानं मायक्रोमीटर पुन्हा पुसला. दुसरा केस. साडेचार. तिसरा पाचला जरा कमी. कागदातले सगळे मोजले, एकेक करून. मग नकाशा उलगडला, कोपऱ्यातला बावीस वर्षांचा केस थुंकी लावून भिजवला, नखानं सोडवला, डिंक पुसून धरला.

सात.

भोंग्याला उजेड पडला आणि त्यानं मांडीवर थाप मारून छप्पर डोक्यावर घेतलं. "अरे मर्दा! केस बारीक झालाय! नकाशा बरोबर, हात बरोबर, लोखंड बरोबर! काखेत कळसा नि गावाला वळसा! आपण उगाच—" आणि मालकाला सांगायला तो धावतच सुटला. दारापर्यंत गेला आणि तिथं थबकला. वळून बघितलं. केसभर बेंचशी बसला होता, जुना आणि आताचा असे दोन केस समोर कागदावर ठेवून. भोंग्याला काय कळायचं ते तेव्हा कळलं. तो तरी गेला, पण चालत.

पंप हाती लागला होता. सोमवारी सकाळी याच एका गोष्टीसाठी त्या माणसानं हात कापून दिला असता.

तो भर दुपारी घरी गेला. बायको खिडकीशी भाजी निवडत बसली होती, आणि बहीण शेजारी. तो आला तसा बायकोनं आधी तोंडाकडे बघितलं.

"अडकला?"

"अडकला." तो समोर खाली बसला. "तुझा केस साडेचार भरला."

तिनं भाजी बाजूला ठेवली. कधी नाही ते तिनं त्याच्यासमोर डोक्यावरून हात फिरवला, चाचपल्यासारखा.

"सांगणारच होते. सोमवारनंतर."

"काय सांगणार होतीस?"

"पोटात गाठ आहे. डॉक्टर म्हणाले, आता कापण्यातली राहिली नाही."

"कधी म्हणाले?"

"तुमचा पहिला पंप अडकला, त्या आठवड्यात." मग जरा थांबून, "एका घरात दोन-दोन गोष्टी अडकलेल्या कशाला, म्हटलं."

बहीण उठून आत गेली आणि तिनं भांडी आपटायला सुरुवात केली. केसभर तसाच बसून होता. त्याला मोजता येत होतं, हीच पीडा. पहिला पंप साडेसहाच्या फटीला अडकला असणार, दुसरा सहाच्या. बाईचं आजारपण चार महिने त्याच्या बोटांतून आरपार जात होतं आणि तो लोखंडाशी भांडत होता.

मालकानं साचे ठेवले. भोंग्यानं नवे रोटर केले, पट्टीनं तीन ठिकाणी मोजून, सात. पुढच्या सोमवारी पंप आठ तास चालला, मग कुणी बंदच केला नाही म्हणून रात्रभर चालला. केसभर तिथं नव्हता. तो दवाखान्यात होता, लोखंडी खाटेच्या कडेला. मायक्रोमीटर खिशात होता. दर दोन दिवसांनी उशीवरचा केस उचलून तो मोजायचा. चार. पावणेचार. डॉक्टरांनी एकदा बघितलं आणि नर्सला सांगितलं, "राहू द्या." पुढं औषधानं उशीवर केसच केस झाले, आणि त्यानंतर मोजायला एकही राहिला नाही.

भोंगा एक दिवस नकाशाची गुंडाळी घेऊन आला. खाटेच्या पायथ्याशी उभा राहिला, पहिल्यांदाच हळू आवाजात बोलला.

"वहिनी, बरं आहे ना? ... भावा, मालक म्हणतात नकाशा दुरुस्त करून द्या. केसभर लिहिलंय ते काढा, नुसता आकडा ठेवा. नवी माणसं घोटाळा करतील."

केसभरनं नकाशा मांडीवर पसरला. कोपऱ्यात डिंकाचा पिवळा डाग होता. पेन घेतलं आणि तसाच धरून बसला.

"खोडा की," बायको म्हणाली. आवाज कागदासारखा झाला होता तिचा. "आता माझ्या भरवशावर नका राहू म्हणावं."

भोंगा खिडकीबाहेर बघायला लागला.

"चालतो का हो तो?" तिनं विचारलं.

"चालतो."

"मागं सांडत नाही ना?"

"थेंब नाही."

"मग खोडा."

त्यानं खोडलं. आकडा तेवढा ठेवला, सात, आणि खाली सही केली. सही करताना त्याचा हात पहिल्यांदा हलला. भोंग्यानं ते बघितलं आणि नकाशा गुंडाळून घेतला. आजवर दुसऱ्या कुणाला सांगितलं नाही त्यानं. मला सांगितलं ते केसभर गेल्यावर.