कोनाड्यातला फोटो

मध्य प्रदेशातल्या बालाघाटमध्ये खोली शोधताना एक गोष्ट कळली: भाडं जितकं कमी, तितके प्रश्न जास्त. महागड्या फ्लॅटचे मालक फक्त अ‍ॅडव्हान्सचं बोलतात. माझ्या पगारात बसणाऱ्या खोल्यांचे मालक आधी हसून नाव विचारतात, मग म्हणतात, "पूरा नाम?" पूर्ण नाव सांगितलं की त्यांच्या भाच्याला नेमकी बालाघाटलाच नोकरी लागते आणि खोली त्याला द्यावी लागते. या गावात इतके भाचे राहायला येणार आहेत, याचा नगरपालिकेला पत्ता नसावा.

आमचं घर तिरोडीला. माझी शाळेतली नोकरी नवीन, आणि रोजची ये-जा जमण्यासारखी नव्हती. बाबांनी बजावलं होतं, महिनाअखेरपर्यंत खोली मिळाली तर ठीक, नाहीतर नोकरी सोड आणि घरी ये.

भरवेलीच्या रस्त्यावर एक वरच्या मजल्याची खोली परवडत होती. मालकीणबाई साठीच्या, एकट्या, माहेर भंडाऱ्याकडचं. मी फाटकाशी उभी असताना शाळेतून फोन आला आणि मी दोन-चार वाक्यं इंग्रजीत बोलले. बाईंचा चेहरा उजळला. त्यांनी आडनाव विचारलंच नाही. वर नेऊन थेट भिंतीतला कोनाडा दाखवला.

"देव इथं मांडजो बेटा. पूजापाठ करतेस ना?"

"फोटो आहे," मी म्हणाले.

"हौ, फोटो चालते. मच्छी-मटन नाही चालत."

मी मान हलवली. मी लाजते म्हणून कमी बोलते. बाईंना ते संस्कार वाटले. इंग्लिश मीडियमची पोरगी येणार, हे त्यांनी गल्लीभर सांगूनही टाकलं.

रविवारी आई-बाबा सामान घेऊन आले. मी आईच्या कानात म्हटलं, फोटो उद्या लावू. तिने ऐकलंच नाही असं दाखवलं. आमच्याकडे नव्या घरात आधी फोटो जातो, मग मेणबत्ती, मग वंदना, कढई-पातेली त्यानंतर. तिने चादरीत गुंडाळलेली फ्रेम काढली. बुद्ध, आणि शेजारी निळा कोट. फ्रेम कोनाड्यात मापाने केल्यासारखी बसली. आई मोठ्याने वंदना म्हणू लागली, आणि चहा घेऊन वर आलेल्या मालकीणबाई दारातच थांबल्या.

वंदना एवढी लांब आहे हे मला आधी कधी जाणवलं नव्हतं. बाबा गॅसचं सिलिंडर धरून उभे होते. ठेवायचं की परत न्यायचं, त्यांना कळेना.

"काहून बेटा," बाई शेवटी म्हणाल्या, "पहिले काहून नाही सांगतलं?"

उत्तर आईने दिलं. "तुम्ही इचारलं काय, बाई?"

बाईंनी कोनाड्याकडे पाहिलं, मग खिडकीतून खाली. तिथे दोन शेजारणी माना वर करून उभ्या होत्या.

"आता साऱ्या मोहल्ल्याले सांगून बसली मी," त्या पुटपुटल्या आणि ट्रे ठेवला. जाताना वळून म्हणाल्या, "कप वरच राहू द्या. पोरीले कामी येतील."

बाबांनी सिलिंडर खाली ठेवलं.

आता नळावर कोणी विचारतं, "कौन लोग हैं, मौसी?" मी तोंड उघडायच्या आत बाई सांगून मोकळ्या होतात, "इंग्लिश मीडियमवाले."

परवा हे आईला फोनवर सांगितलं. मी त्याच कपातून चहा पीत होते.

"मंग बरं झालं," आई म्हणाली. "इंग्लिश शाळेची फी वाया नाही गेली."