अठराव्या दिवसाची अंडी

अंड्यांतून पिल्लं काढायच्या त्या कारखान्यात तिला सगळेच मावशी म्हणत, तिच्याहून मोठ्या असलेल्या मालकीणबाईसुद्धा. बावीस वर्षं काम एकच: अंधाऱ्या खोलीत स्टुलावर बसायचं, दिव्यासमोर अंडं धरायचं आणि आत जीव आहे की नाही ते सांगायचं. शाळा चौथीत सुटली होती, पण जीव कसा उभा राहतो हे तिने रोज पाहिलं होतं. आधी नुसता ठिपका. तिसऱ्या दिवशी तो धडधडायला लागतो. मग लाल शिरांचं जाळं, मग काळा डोळा, आणि अठराव्या दिवशी आत इतकी दाटी की उजेड पलीकडे जातच नाही. तू चोच हो, तू पंख हो, असं आत कोण कुणाला सांगतं, याचं तिला अजूनही नवल वाटायचं.

नवा मॅनेजर पदवी घेऊन आला. माणूस वाईट नव्हता, पण पुस्तकात नसलेलं काही दिसलं की त्याच्या कपाळाला आठी पडायची. टेबलामागच्या भिंतीवर त्याने तक्ता लावला होता: सजीव हालतो, श्वास घेतो, वाढतो, प्रतिसाद देतो. मावशीने तो सावकाश वाचला आणि म्हणाली की सगळं बरोबर आहे, फक्त तक्त्याला घाई फार आहे. तो हसला. तिचं म्हणणं त्याला कळलं नाही, आणि खरं तर तिलाही ते समजावून सांगता आलं नसतं.

एका सकाळी कामावर येऊन बघतात तर अंडी उबवायची यंत्रं गार. रात्री वीज गेली होती आणि जनरेटरने ऐन वेळी दगा दिला होता. आत चार हजार अंडी, नेमकी अठराव्या दिवसाची. मॅनेजरने पंधरा-वीस अंडी उजेडात धरली. सगळी काळी, एकातही हालचाल नाही. अंडी फेकून द्यायला त्याने पोती मागवली. पिल्लं मोजायच्या कामावर असलेली मावशीची नणंद पोती घेऊन निघालीसुद्धा. मावशी यंत्राच्या दाराला पाठ लावून उभी राहिली.

"साहेब, ती गारठलीत. गारठलेलं गप्पच बसतं," ती म्हणाली. "ऊब द्या, मग विचारा."

दुपारपर्यंत यंत्रं तापली. तिने बादलीत कोमट पाणी घेतलं, त्यात एक अंडं सोडलं आणि हात बाजूला केले. अंडं तरंगत राहिलं, एकदम शांत. नणंदेने नाक मुरडलं. मग ते अंडं आपलं आपण डुललं. आतल्याने लाथ मारली होती. मॅनेजर म्हणाला की पाणीच हललं असेल. दुसरं अंडं सोडलं, तेही डुललं. तिसरं मात्र नाही. मालकीणबाईंनी विचारलं, नक्की का? मावशीच्या तोंडून निघून गेलं, "एकविसाव्या दिवशी नाही निघाली, तर या स्टुलावर मी परत बसणार नाही."

एकविसावा दिवस उजाडला आणि मावळला. एकाही कवचाला तडा नाही. नणंद घरी जाताना म्हणाली, "वहिनी, जीभ आवरायला काय होतं तुम्हाला?" मावशीला जेवण गेलं नाही. तिला भीती वाटत होती. बावीस वर्षं जे डोळ्यांनी पाहिलं, त्यावर आता तिचाच विश्वास डळमळायला लागला होता.

बाविसाव्या सकाळी यंत्राची जागा नव्या अंड्यांना हवी म्हणून मॅनेजर पोती घेऊन हजर. मावशीने एक अंडं उचललं आणि कानाला लावलं. मग ते त्याच्या कानाला लावलं. आत चिवचिवत होतं, बारीक पण स्पष्ट. त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला. जेवढा वेळ थंडीत गेला, तेवढा पिल्लांनी उशीर केला होता, बाकी काही नाही. तासाभरात ट्रेवर टकटक सुरू झाली, आणि संध्याकाळी त्या खोलीत दुसऱ्याचं बोलणं ऐकू येईना. नणंद मोजून मोजून दमली. तीन हजार चारशे! मालकीणबाईंनी मावशीला सगळ्यांदेखत मिठी मारली, आणि मावशी लाज न बाळगता रडली. जिंकली होती ती, आणि ते तिला पुरतं कळत होतं.

सहाशे अंडी तशीच राहिली. मॅनेजर त्यांतलं एक घेऊन तिच्या खोलीत आला आणि दाराशी थांबला.

"मावशी, यात?"

तिने ते तळहातावर घेतलं, कानाला लावलं, बराच वेळ थांबली. "हे गेलं," ती हळूच म्हणाली.

दिवा शेजारीच होता. त्याने तो लावला नाही. अंडं बाजूला ठेवून त्याने दुसरं तिच्या हातात दिलं.