व्हिएन्नाची शाल
डांबराच्या गोळ्यांचा वास आला की मला खामगावचं आमचं घर आठवतं आणि मोठ्या भावाची उघडी बॅग. तो विलायतेत डॉक्टर होता. दर वर्षी आम्हाला भेटायला येताना आणि जाताना वाटेत एखादं शहर पाहायचा. आधी रोम, मग पॅरिस, नंतर मात्र दर वेळी व्हिएन्नाच. आईच्या लेखी माणूस वाटेत नातलगाकडेच उतरतो. "तिथं कोन हाये तुह्यं?" ती विचारायची. "कोनीच नाही वं माय, हॉटेलात राह्यतो," तो हसायचा. तरी निघताना ती बॅगेत लाल खण ठेवायची. "ज्या घरी जेवशीन, तिथल्या बाईले दे." एका वर्षी त्यानं आईसाठी जाड लोकरीची शाल आणली. दुकानातून घेतली, म्हणाला. आईनं ती उलटीसुलटी केली, काठापाशी तिचा हात थांबला. भाऊ मान खाली घालून चहा पीत राहिला. संध्याकाळी आईनं त्याच्यासाठी मुलगी दाखवायला येणाऱ्यांना निरोप धाडला, येऊ नका. आणि तो परत निघाला तेव्हा खणाऐवजी नवरीला नेसवतात तसलं हिरवं लुगडं बॅगेत ठेवलं. "काऊन वं माय?" मी विचारलं. "तू गप ऱ्हाय." भावानं लग्न केलंच नाही. आता आई आणि तो, दोघंही नाहीत. काल शाल उन्हात टाकताना दिसलं, काठाला आतून आईच्या लाल खणाची पट्टी बारीक टाक्यांनी शिवलेली आहे. ते लुगडं कुणी नेसलं का, हे आता कुणाला विचारू?