तीन शक्ती आणि एक ‘शे’

माझा भाचा पिंपळनेरला मोबाइल दुरुस्त करतो आणि उरलेल्या वेळात जग वाचवतो. गेल्या मे महिन्यात मी आणि माझी लेक तिथं राहायला गेलो, तेव्हा त्यानं आम्हालाही त्या कामाला जुंपलं. त्याची आई, म्हणजे माझी थोरली बहीण, जिला मी अक्का म्हणतो, ती आधीच भरती झाली होती.

खेळ सुपरहिरोंचा होता. त्यात पट नाही, सोंगट्या नाहीत. प्रत्येकानं एक हिरो व्हायचं, कागदावर आपल्या तीन शक्ती लिहायच्या आणि भाचा जे संकट सांगेल त्यातून बोलत बोलत वाट काढायची. शक्ती वापरायची तर फासा टाकायचा. चार किंवा जास्त पडले तर जमलं, नाहीतर फसलं.

‘बोलत बोलत’ म्हटल्याबरोबर मी लेकीकडं पाहिलं. माझी लेक बारा वर्षांची आहे आणि बोलताना अडखळते. स्वरानं सुरू होणारा शब्द आला की तिचा गळाच बंद होतो. त्यात ‘आ’ तर तिचा हाडवैरी, आणि मराठीत ‘आहे’शिवाय पान हलत नाही. जूनमध्ये तिला जळगावातल्या नव्या शाळेत जायचं होतं. पहिल्या दिवशी उभं राहून प्रत्येकानं स्वतःची ओळख करून द्यायची, अशी तिथली पद्धत. जुन्या शाळेत असंच उभं केलं होतं, तेव्हा तिचं वाक्य पुरं व्हायच्या आत वर्ग हसला होता. तेव्हापासून वर्गात ती हाताच्या खुणांवर भागवत होती. आता तर तिनं मला वहीत लिहूनच दिलं होतं, ‘मी नव्या शाळेत जाणार नाही.’

मी स्वतः मराठीचा मास्तर. वीस वर्षं शब्दांवर पोट भरलं, आणि माझ्याच घरात शब्दांचा दुष्काळ!

दुपारी जेवणं झाल्यावर आम्ही अक्काच्या ओट्यावर बसलो. भाच्यानं झेरॉक्स काढून आणलेली शक्तींची यादी वाटली. मी उडणं, अफाट बळ आणि भिंतीपलीकडचं दिसणं निवडलं. “मामा, कॉपी करणारी पोरं धरायची सवय जात नाही तुमची,” भाचा म्हणाला.

लेकीनं फार वेळ लावला. खोडलं, लिहिलं, परत खोडलं. शेवटी कागद पुढं सरकवला. अदृश्य होणं. वेळ थांबवणं. मनातलं थेट दुसऱ्याच्या मनात पोचवणं. छान, अगदी विचार करून निवडलं, असं मी मास्तरी सवयीनं म्हणूनही टाकलं. मग पुन्हा वाचलं. तिन्ही शक्ती एकाच कामाच्या होत्या. बोलावं लागू नये, एवढ्याच कामाच्या.

अक्कानं यादी पाहिलीच नाही. “माले बठ्ठासनी बोली समजनी पाहिजे,” ती आमच्या अहिराणीत म्हणाली. सगळ्यांची बोली समजायला हवी, एवढंच. बाकीच्या दोन जागा तिनं कोऱ्या ठेवल्या. भाच्यानं का म्हणून विचारलं, तर म्हणाली, “बाकीनं मना जोडे शे.” म्हणजे बाकीचं माझ्यापाशी आहेच.

मला हसू आलं, कारण तिनं मागितलेली शक्तीही तिच्यापाशी होतीच. ती आठवडे बाजारात बांगड्या विकते. आदल्याच बाजारी मी तिच्याशेजारी बसलो होतो. डोंगराकडची बाई आली, ही तिच्या बोलीत बोलली. गुजराती बोलणारी आली, तिच्याशी गुजराती. साक्रीची मास्तरीण आली, तिच्याशी माझ्यापेक्षा शुद्ध मराठी. आणि एवढं करताना समोरच्या बाईचा हात दाबून बांगडी कधी चढवली ते त्या बाईलाही कळत नव्हतं. चौथी शिकलेली माझी बहीण. मी तोंडाचा आ करून बघत राहिलो होतो.

तर खेळ सुरू झाला. एका दुष्टानं गावाचं सगळं पाणी किल्ल्यात कोंडून ठेवलं होतं आणि आम्ही किल्ल्याच्या दारापाशी पोचलो. डाव लेकीचा होता. भाचा पहारेकरी झाला आणि घोगऱ्या आवाजात ओरडला, “कोण आहे?”

तिनं कागदावर ‘अदृश्य होणं’वर बोट ठेवलं आणि फासा टाकला. दोन पडले. वेळ थांबवायला गेली, एक पडला. तिसऱ्या शक्तीला पाच पडले. ती उजळली. पण भाचा म्हणाला, “पहारेकऱ्याच्या डोक्यावर जादूचा टोप आहे. मनातलं आत जात नाही. तोंडानंच सांगावं लागेल.” मी त्याच्यावर डोळे वटारले. त्यानं माझ्याकडं बघितलंच नाही.

ती उठून उभी राहिली. “मी... आ... आ...” मान ताठ झाली, डोळे मिटले गेले. तिचा शब्द पुरा करून टाकायला मी नेहमीसारखं तोंड उघडलं. अक्कानं माझा गुडघा गच्च दाबला.

“भाऊ, तू चूप ऱ्हाय.” मग लेकीकडं वळून म्हणाली, “पोर, तुले ‘आहे’ कसाले पाहिजे? ‘शे’ म्हन. मनी शक्ती घे आजना दिन.” शेजारणीला वाटीभर साखर द्यावी तशी तिनं आपली शक्ती देऊन टाकली.

लेकीनं आधी माझ्याकडं पाहिलं. ती परवानगी मागत होती. पाच वर्षांची असताना ती पिंपळनेरहून ‘शे’ घेऊन घरी आली होती. ‘पप्पा, मांजर पलंगखाले शे,’ असं म्हणाली होती. ‘शे नाही, आहे म्हणायचं,’ असं मी तिला दरडावलं होतं, तेही एकदा नाही. मी स्वतः अहिराणीत वाढलो, शहरात त्यापायी हसं झालं, म्हणून वीस वर्षं पोरांच्या वह्यांमधले ‘शे’ लाल पेनानं कापत आलो. त्यानं तिचं अडखळणं सुरू झालं नाही, असं डॉक्टर सांगतात. तरी त्या क्षणी मला माझीच लाज वाटली. मी मान हलवली.

तिनं अक्कासारखा एक हात कमरेवर ठेवला. हनुवटी वर केली. आणि अक्काच्याच ठसक्यात म्हणाली, “मी पानीनी राखनदार शे. दार उघाड. बठ्ठा गावले पानी पाहिजे. तुले बी पाहिजे ना? मंग उघाड!”

एकदाही अडली नाही. पाच वाक्यं ती सलग बोललेली मी तीन वर्षांत ऐकली नव्हती, आणि हा आवाज तिच्यात होता हेच मला ठाऊक नव्हतं. भाच्यानं फासा टाकला, किती पडले ते न बघताच हातानं झाकला आणि किल्ल्याचं दार उघडलं.

हे काही औषध नव्हे. संध्याकाळी आंबा मागताना ती पुन्हा अडली. दुसऱ्याचा आवाज काढताना असं होतं पुष्कळांचं, असं डॉक्टर नंतर म्हणाले. पण वहीतलं ते पान तिनं फाडून टाकलं होतं.

शाळेच्या पहिल्या दिवशी मी शाळा सुटायच्या तासभर आधीच फाटकाबाहेर जाऊन उभा राहिलो. ती आली आणि स्कूटरवर मागं बसली. थोडं पुढं गेल्यावर मी भीतभीत विचारलं.

“सांगितलं नाव?”

“हो. आत्यासारखं. कमरेवर हात ठेवून. ‘शे’ म्हटलं.”

“मग?”

“हसले सगळे.”

माझा हात आपोआप ब्रेकवर गेला. मागून तिनं माझ्या पाठीवर थाप मारली.

“आ... आधी नाही, पप्पा. माझं बोलून झाल्यावर.”