बाईंच्या दोन उजव्या बाह्या

त्या गल्लीत उद्याकाकांचं खरं नाव कुणालाच ठाऊक नव्हतं, आणि काकांनाही ते आठवायची फारशी वेळ येत नसे. शिवणयंत्रावर वाकलेलं डोकं वर न करता ते प्रत्येक गिऱ्हाइकाला इतक्या गोड आवाजात "उद्या" म्हणत, की माणूस रागवायचं विसरून घरी जाई. बरं, काम असं चोख की दुसऱ्या शिंप्याची पायरी कुणी चढत नसे. या "उद्या"चा सगळ्यात जुना बळी म्हणजे त्यांची बायको. ती शाळेत भूमिती शिकवायची, म्हणून सारी गल्ली तिला बाई म्हणायची. लग्न झाल्या झाल्या तिने नवऱ्याकडे एक ड्रेस शिवून मागितला होता. तो उद्यावर गेला, तो गेलाच.

आता बाई निवृत्त व्हायच्या होत्या. शनिवारी शाळेत निरोपाचा कार्यक्रम होता. बहिणीने कधीकाळी दिलेलं हिरवं कापड त्यांनी पेटीच्या तळातून काढलं आणि थेट यंत्रावर आणून ठेवलं.

"अहो, शनिवारी हे माझ्या अंगावर दिसलं पाहिजे. नाहीतर मी जुनाच ड्रेस घालून जाईन, आणि कुणी विचारलं तर खरं काय ते सांगेन."

काकांना घाम फुटला आणि मनात उकळ्याही फुटल्या. एवढी वर्षं टाळलेलं काम आता करायला मिळणार, याचा त्यांना लहान पोरासारखा आनंद झाला.

शुक्रवारी दुपारी ते कापायला बसले. कापडावर एकाच बाजूला कललेल्या पानांची नक्षी होती आणि उलटी बाजू पार फिकी होती. एरवी काका कापडाची घडी घालत, वर बाहीचा कागद ठेवत आणि दोन्ही बाह्या एकदम कापत. घडीमुळे एक आपोआप उजवी होते, एक डावी. पण अंगाचं कापून उरलेला तुकडा अरुंद होता, त्यात घडी बसेना. मग त्यांनी एक बाही कापली, कागद पुढे सरकवला आणि दुसरी कापली. समोरच्या गिऱ्हाइकाला बायकोचं कौतुक सांगण्याच्या नादात कागद पालथा करायचा राहून गेला.

गिऱ्हाईक गेल्यावर त्यांनी बाह्या शेजारी शेजारी मांडल्या. दोन्ही उजव्या.

काकांनी उरलेल्या चिंध्या उलटसुलट करून पाहिल्या, पण त्यात बाही बसेना. आता "उद्या" म्हणायचीही सोय नव्हती, कारण उद्याच शनिवार होता. बाई चहा घेऊन आल्या आणि त्यांचा चेहरा बघून दारातच थांबल्या.

"काय झालं?"

"काही नाही गं. उजव्या हाताला दोन बाह्या झाल्यात, डाव्याला एकही नाही. आणि कापड संपलं."

बाईंनी कप यंत्रावर टेकवला, बाह्या एकीवर एक ठेवून पाहिल्या आणि इतक्या हसल्या की धक्क्याने चहा बशीत सांडला.

"अहो, हा तर माझा धडा! घडी घातली की ती आरशातली सममिती, उजव्याची डावी होते. तुम्ही कागद नुसता सरकवलात. सरकवलेलं आहे तसंच पुढे जातं, उलटत नाही. या कापडावरची पानं बघा की. एकच पान सरकत सरकत पार काठापर्यंत गेलंय."

"इथे माझा जीव चाललाय आणि तुला शिकवायचं सुचतंय!"

"थांबा हो." बाईंनी एक बाही मधोमध उभी दुमडली. दोन्ही कडा जुळेनात. "या सारख्या का नाहीत?"

"पुढची कड खोल लागते, मागची फुगीर. मागे सैल असलं म्हणजे हात हलतो."

"मग दोन्ही सारख्या करा ना. मधोमध दुमडून जो आकार स्वतःवरच बसतो, तो आरशातही तस्साच दिसतो. त्याला उजवं-डावं काही नाही. अशी बाही कुठल्याही खांद्याला चालेल."

काकांचे डोळे लकाकले आणि लगेच विझले. "चालेल गं. पण मागचा फुगवटा गेला की हात वर होणार नाही. बगलेत ओढेल."

"उद्यापासून फळ्यावर लिहायचंय कुणाला? हात वर करायची गरजच काय आता?" बाई हसतहसतच म्हणाल्या, पण कप उचलून झटकन आत गेल्या.

ते वाक्य काकांच्या काळजाला लागलं. बाह्यांच्या कडा त्यांनी सारख्या केल्या, पण हिचा हात वर गेलाच पाहिजे, एवढं एकच त्यांच्या डोक्यात बसलं. बगलेत जोड द्यावा लागणार होता. तिरका तुकडा लावावा तर कुठली बाजू कुठे, यात पुन्हा घोळ व्हायचा. म्हणून अस्तराच्या बिननक्षीच्या हिरव्या कापडातून त्यांनी दोन छोटे चौरस कापले. चौरस पाव फेरा फिरवा नाहीतर अर्धा, तसाच्या तसा बसतो. चुकायचं ठरवलं तरी चुकता येत नाही. संध्याकाळी ड्रेस तयार झाला.

"बगलेतला जोड कुणाला दिसू देऊ नकोस हं," त्यांनी अगदी काकुळतीला येऊन सांगितलं. "शिंप्याने बायकोलाच ठिगळ लावलं म्हणतील."

शनिवारी काका सगळ्यात मागच्या बाकावर जाऊन बसले. मुख्याध्यापिकांचं भाषण संपता संपेना. शेवटी बाईंना बोलायला बोलावलं, तर बाई माइककडे फिरकल्याच नाहीत. त्यांनी खडू उचलला, फळ्याच्या पार वरच्या टोकाला हात नेला आणि तिथून खालपर्यंत एक सरळ तुटक रेघ ओढली. काका रेघेकडे बघतच नव्हते. त्यांची नजर बगलेवर होती. कुठे ओढलं नाही, कुठे उसवलं नाही. त्यांचा जीव भांड्यात पडला.

बाईंनी रेघेच्या एका बाजूला अर्धं पान काढलं, उरलेलं अर्धं मुलांकडून पुरं करून घेतलं आणि तेच पान पुढे सरकवत फळाभर नेलं.

"आरशातली झाली, सरकती झाली. आता फिरती. पाव फेरा फिरवला तरी तसाच दिसणारा आकार कुठला?"

"चौरस!" मुलं ओरडली.

"शाबास. आणि तो असतो कुठे?" बाईंनी हात आणखी उंच केला आणि बगल साऱ्या सभागृहाला दाखवली. "इथे! आमच्या ह्यांनी शिवलाय. हा आहे म्हणून माझा हात वर जातोय."

सगळ्या माना मागे वळल्या आणि टाळ्यांचा नुसता कडकडाट झाला. काकांचे कान लाल झाले आणि डोळे भरून आले, दोन्ही एकाच वेळी.

घरी येताना बाई म्हणाल्या, "मुख्याध्यापिकाबाई म्हणतायत, कच्च्या मुलांना शिकवायला येत जा. म्हणजे आणखी एक ड्रेस लागणार. कधी देता?"

काकांच्या जिभेवर नेहमीचा शब्द आला होता. तो त्यांनी गिळला, दुकानाचं कुलूप उघडलं आणि खुंटीवरची टेप गळ्यात अडकवली.

"हात वर कर," ते म्हणाले.