एका पाटाची उंची

सांगली-मिरज रस्त्यावर नव्या बसमार्गाची आखणी चालली होती, तेव्हाची गोष्ट. आमच्या दारासमोरच्या थांब्यावर एक बाई भर उन्हात फीत धरून बसची पायरी मोजत होत्या. मला वाटले, रस्ता रुंद होणार, म्हणजे आपला ओटा जाणार. मी तसाच बाहेर धावलो.

"आवं बाई, आमच्या ओट्याचं काय?"

"ओटा राहतोय काका. बसचं सांगा. काकू चढतात का हिच्यात?"

त्या बाई म्हणजे महापालिकेच्या अभियंता अलकाताई माने. त्यांच्या साठीनिमित्त हा गौरवग्रंथ निघतो आहे. माझे शिक्षण सातवीपर्यंत. मोठ्या माणसांच्या लेखांत माझे लिहिणे शोभेल की नाही, याची धास्ती वाटते. पण प्रवासी समितीत मी ताईंबरोबर बसलो, म्हणून लिहितो.

त्यांच्या प्रश्नाचे उत्तर 'नाही' असे होते. आमच्या मंडळींचे, शेवंताबाईंचे, गुडघे गेलेले. बस आली की मी खिडकीतून पिशवी टाकून जागा धरायचो. जागा मिळायची, पण माणूस खालीच राहायचे. रिक्षाच्या धक्क्यांनी त्यांची कंबर धरायची. मिरजेला त्यांची थोरली बहीण अंथरुणाला खिळलेली, आणि दोघींची भेट कित्येक वर्षे फोनवरच.

हे ऐकून ताई घरात आल्या आणि त्यांनी पाट मागितला. एका पाटावर शेवंताबाई चढल्या. ताईंनी त्यावर दुसरा पाट ठेवला, तेव्हा पाय वर जाईना.

"व्हत न्हाई गं बाय," शेवंताबाई म्हणाल्या.

"नको व्हायला, काकू. आता रस्त्यालाच वर आणते."

ताई तासगावच्या, द्राक्षबागायतदाराच्या घरातल्या. बोलल्या की करणारच. थांब्यांचे ओटे बसच्या दारापर्यंत उंच झाले, चढायला सौम्य उतार आला. समितीच्या बैठकीत मी काळज्या मांडायचो. पाणी साचेल, दुचाक्या वर चढतील, फळवाल्या मावश्या कुठे जातील. ताई ऐकून घ्यायच्या आणि विचारायच्या, "काका, अजून काय राहिलंय?" पुढच्या बैठकीला त्या उपाय घेऊनच यायच्या. मावश्यांना तर थांब्यालगत हक्काची जागा मिळाली.

भांड्यांच्या दुकानाचे एक मालक चिडले होते. "मॅडम, फुटपाथ एवढा रुंद केलाय, लग्नाची पंगत बसवायची का?"

"बसवा की. चालणाऱ्यांनाबी वाढा म्हणजे झालं."

आज त्याच मालकांनी प्रवाशांसाठी पाण्याचा माठ ठेवला आहे.

सगळे तयार झाले आणि नवीनच अडचण उभी राहिली. टायर घासेल या भीतीने चालक बस ओट्यापासून हातभर लांब उभी करू लागले. मधली फट बघूनच शेवंताबाई मागे फिरल्या. मी म्हणालो, "ताई, समदं फुकट गेलं." ताईंनी कोणावर राग काढला नाही. ओट्याची कड त्यांनी गोल घासून घेतली. मग रिकाम्या बस आणवून चालकांचा सराव घेतला. स्वतः कडेवर उभ्या राहिल्या.

एक चालक काचेतून ओरडला, "ताई, मागं सरा की, लय भ्या वाटतंय."

"तू नीट आण. मी हलत न्हाई."

बस त्यांच्या चपलेपाशी येऊन अलगद टेकली. तेव्हापासून बस तशाच टेकतात.

त्यानंतर शेवंताबाई मिरजेला निघाल्या. मी सवयीने पिशवी घेऊन खिडकीकडे पळालो, तर काच बंद. घाबरून वळलो, तर त्या कोणाचा हात न धरता आत जाऊन बसलेल्या.

"आवं, तिथं काय करताय? आत या. जागा धरलीया तुमाला."

मिरजेला शेवंताबाई बहिणीच्या अंथरुणाशी तिचा हात धरून बसल्या. मग थोरली म्हणाली, "लय जाडी झालीस गं." आणि दोघी हसत सुटल्या. आता दर सोमवारी शेवंताबाई एकट्याच जातात.

अशा आनंदाची घरे या मार्गावर किती असतील, ते मला सांगता येणार नाही. आमच्या घराचे मी सांगितले.

ताई, एक काळजी मांडायची राहिली होती. उन्हात उभे राहणे कमी करा, जेवण वेळेवर करा. तुमचे पाऊल अजून पुष्कळ वर्षे दोन पाटही सहज चढत राहो. आणि कधी ते जड झालेच, तर तुम्ही बांधलेल्या थांब्यावर या. सोमवार असेल तर शेवंताबाई आत जागा धरून ठेवतील.