काळवत्रीची पाठ

जर्मनीची लढाई संपून काही वर्षं झाली होती. आमच्या सॅपर्स सेक्शनला ऑर्डर आली: रत्नागिरीजवळ खाडीकडे जाणारा रस्ता रुंद करा, आडवी आलेली काळवत्री उडवा. लढाईत पूल उडवलेली आम्ही माणसं. एक काळा कातळ म्हणजे आम्हाला सुट्टीच वाटली.

सेक्शनवर एक जमादार होता. रँक मोठी, आवाज त्याहून मोठा, अक्कल मात्र डेपोत जमा करून आलेला. जन्म इथलाच, म्हणून इथला दगड आपल्यालाच कळतो हा त्याचा तोरा.

सकाळी हजेरीचं फॉलिन, मग कातळात भोकं पाडायचं ड्रिलिंग, दुपारी सुरुंगाचे बार. त्या दिवशी कातळाच्या पुढच्या अंगाला मोठा चार्ज भरला. मागून गावाची पायवाट होती. तिथून कोणी येऊ नये म्हणून पहारा नाईक धोंडूला. धोंडू लांज्याकडचा, माझ्या तंबूतला. खिशात कायम सुक्या खोबऱ्याचा तुकडा.

"त्याला वळणापाशी उभा करू, साहेब," मी म्हणालो.

"कशाला? कातळ आडवा आहे. पाठीला टेकून बसेल."

"हा जांभा नाही, साहेब."

"माझ्या बापाशीन जन्मभर जांभ्याआड बसून विहिरींचे बार उडवलेन. मला शिकवतोस? कातळ तो कातळ. जा रे धोंडू!"

"जी, साहेब," म्हणून धोंडू गेला.

तुम्हा सिव्हिलियन लोकांसाठी सांगतो. जांभा भोकाभोकांचा. स्फोटाचा तडाखा तो आतल्या आत गिळतो. काळवत्री एकसंध, ती तडाखा पुढे ढकलते. गोट्या चिकटवून रांगेत लावा, पहिलीला टोला द्या. उडते ती शेवटची. तडाखा पाठीपर्यंत पोचला की पुढे दगडच नसतो. मग तो उलटा फिरतो आणि दगडाला ताणतो. हा दगड दाब हवा तेवढा सोसतो, ताण सोसत नाही. पाठीचा टवका सुटतो तो गोळीसारखा. गोट्या खेळलेल्या पोराला पटेल, जमादाराला पटलं नाही.

"रेडी?"

"रेडी, साहेब."

"फायर!"

धूर विरला. कातळ उभाच. "बघितलंस? हलला पण नाही," जमादार हसला.

आम्ही मागे गेलो. कातळाच्या पाठीला परातीएवढा ताजा खळगा होता. धोंडू पायवाटेवर पालथा पडला होता. जीव राहिला नव्हता.

गावकरी म्हणाले, नारळ न देता बार उडवलात, या जागेच्या राखणदार देवाने बळी घेतला. जमादाराने ते लगेच उचललं. दुसऱ्या दिवशी स्वतः नारळ वाढवला, हात जोडले, डोळे मिटले. त्या माणसाची मला किळस आली. पुढच्या बारांना मात्र त्याने एकालाही कातळाआड बसवलं नाही. राखणदाराचं नाव तोंडी होतं, खरं कारण त्याला चांगलं कळलं होतं.

धोंडूच्या आईकडे मीच गेलो. राखणदाराची गोष्ट माझ्याआधीच लांज्याला पोचली होती. मी ती खोडली आणि घडलं ते सगळं सांगितलं, गोट्यांसकट.

"म्हणजे माझ्या धोंडून हुकूम पाळलान?"

"हो, आई."

"आणि हुकूम देणारा कुठं बसला होता?"

"लांब. मोकळ्यावर, वायरच्या टोकाला."

राखणदाराला द्यायला म्हणून शेजाऱ्यांनी आणलेला नारळ ओटीवर होता. तिने तो उचलला, पायरीवर फोडला आणि खोबरं माझ्या हातावर ठेवलं.

"राखणदाराचा काय संबंध नाय यात. खा. धोंड्याला आवडायचं."

मी ते उभ्यानेच खाल्लं.